भुकेल्यांचे गाडगेबाबा



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार आहे, त्यात काहीतरी लिहाच, असा मंडळाच्या पोरांनी माझ्यामागे लकडा लावला. मी काही लेखक नाही. गिरणीत बदली म्हणून लागलो, आधी डॉफर, मग साईडर. रिंग खात्याच्या त्या आवाजातच उमेदीची वर्षं गेली. शाळा दहावीला सुटली. पुढं जे वाचलं ते रात्रपाळीहून आल्यावर, वाचनालय उघडायची वाट बघत पायरीवर बसून. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्यावे.

विषय मीच निवडला, संत गाडगेबाबा. त्यावर बैठकीत एकाने शंका काढली की बाबा कीर्तन करायचे, गोपाळाचं नाव घ्यायचे, त्यांचा लेख विहाराच्या स्मरणिकेत कशाला? शंका काढली ते बरंच झालं. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते इथे देतो. आपण दर जयंतीला, पौर्णिमेला भोजनदान करतो. टाळेबंदीत तर आपण दोन महिने चूल पेटती ठेवली. पण भुकेल्याला जेवायला कसं घालायचं, त्याची मान खाली न जाता घालायचं, हे महाराष्ट्रात ज्या माणसाने आयुष्यभर करून दाखवलं, त्याचं चरित्र आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? खराटा सगळ्यांना माहीत आहे. सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्यामुळे खराटा घरोघर पोहोचला. भाकरी मागेच राहिली.

आणि भाकरीची गोष्ट आपल्या समाजाला साधी नाही. येसकराची पाळी असली की संध्याकाळी हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन दारोदार भाकरी मागायची, वरून टाकलेली झेलायची, हे माझ्या पणजोबांनी केलेलं आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडा असं सांगितलं, ते पोटाला चिमटा काढून आपल्या लोकांनी पाळलं. म्हणून आपल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी फुकटचं अन्न देऊ केलं की आतून काहीतरी आवळतं. हे मनात ठेवून पुढचं वाचा.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी, परटाच्या घरात. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर. त्याच साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला होता. पण डेबूच्या घरातली भूक दुष्काळाने आणली नाही, दारूने आणली. देवाला बकरा कापायचा, त्यावर दारूची पंगत उठवायची, पाहुणे खूष करायचे आणि त्यासाठी कर्ज काढायचं, अशी रीतच होती. झिंगराजी त्यात गेले. पोर लहान, घरात दाणा नाही. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला भावाकडे आल्या.

मामा चंद्रभान चांगला शेतकरी होता. डेबू तिथं गुरं राखायला लागला, मोठा झाल्यावर नांगर धरला. रात्री भजन. पोरगा कामाला वाघ आणि गळा गोड. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. सगळं बरं चाललं होतं आणि मग कागद निघाले. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराने ज्यावर ज्यावर सांगितलं त्यावर अंगठा दिला होता. फेडलेलं कर्जसुद्धा फिटलेलं नव्हतं. जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेला. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी आडवे उभे राहिले आणि त्यांनी त्यांना पिटाळून लावलं, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे.

मी हे सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. बाबा पुढं कीर्तनात कर्ज काढू नका, सण धुमधडाक्यात करू नका, लुगडं कमी भावाचं घ्या, ताट मोडून हातावर भाकरी खा पण पोराला शाळेत घाला, असं जे सांगत फिरले, ते पुस्तकातून आलेलं ज्ञान नव्हतं. भाकरी ताटातून कशी जाते हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं. एकदा दारूने, एकदा अंगठ्याने. वऱ्हाडात त्या काळात ज्वारीच्या जागी कापूस वाढत चालला होता. कापूस विकून दाणे घ्यायचे, म्हणजे भाव पडला की उपास आणि उपास म्हणजे पुन्हा सावकार. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला तेव्हा डेबूजी तेवीस-चोवीस वर्षांचे, हाताशी आलेले शेतकरी होते.

पहिल्या मुलीच्या बारशाला त्यांनी काय केलं बघा. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू पाहिजे. त्यांनी गोड जेवण घातलं, बुंदीचे लाडू. भाऊबंद चिडले, रुसले. आपल्यातले काही जण म्हणतील की बाबांचं हे शाकाहाराचं आपल्याला पटत नाही. मलाही सगळं पटतं असं नाही. पण माझ्या समजुतीप्रमाणे मुद्दा बकऱ्याचा कमी आणि बकऱ्यासाठी काढलेल्या कर्जाचा जास्त होता. आपल्याकडे लग्नात काय चालतं ते मी इथं लिहीत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे त्यांनी घर सोडलं. बायको, मुलं, म्हातारी आई मागे. या बाबतीत मी बाबांना सरसकट नमस्कार करायला तयार नाही, कारण कुंताबाईंचं काय झालं हेही लिहिलं पाहिजे, ते पुढं येईल. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि डोक्यावर किंवा हातात फुटक्या गाडग्याचं खापर. पाणी त्यात, कालवण त्यात, भाकरीही त्यातच. लोक कुणी चिंधेबुवा म्हणत, कुणी गोधडेबुवा, शेवटी गाडगेबाबा हे नाव राहिलं.

गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. कुणाची लाकडं फोडायची, कुणाचं शेतातलं काम करायचं आणि मग भाकरी मागायची, तीही चटणी-कांद्याबरोबर. पक्वान्न पुढं आलं तर ते दुसऱ्याला. काम केल्याशिवाय खायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. येसकराची भाकरी आणि बाबांची भाकरी यात फरक हाच. खरं म्हणजे येसकरसुद्धा राबतच होता, गावाचं सगळं ओझं वाहत होता, पण त्याचं काम कुणी मोजत नव्हतं आणि भाकरी मात्र भीक म्हणून मोजत होते. बाबांनी आधी काम उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं. मग मागितलं तर ते मागणं राहत नाही.

इथं माझी एक आठवण सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा. चार-पाच महिन्यांत वाण्याने उधारी बंद केली. संपकऱ्यांना धान्य वाटप व्हायचं. वडील रांगेत उभे राहायचे नाहीत. मला पिशवी देऊन पाठवायचे आणि आपण कोपऱ्यावर, पानवाल्याच्या आड थांबायचे. मी ज्वारी घेऊन आलो की पिशवी माझ्या हातून घेऊन झपाझप घरी जायचे, जणू विकत आणलीय. तेव्हा मला त्यांचा राग यायचा, की मी काय भिकारी आहे काय म्हणून? आता कळतं. आमच्या आजोबांच्या वेळी गिरणीत साचे खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, उष्टं होतं म्हणे. आपली माणसं बहुतेक रिंग खात्यात. पाण्याचं मडकंसुद्धा वेगळं. अशा घरातल्या माणसाला फुकटच्या धान्याची रांग म्हणजे पुन्हा गावचीच काठी-घोंगडी वाटली असणार. त्या वाटपात कुणी वडिलांना चार पोती उचलायला लावली असती, तर ते ताठ मानेने आले असते असं मला वाटतं.

असो. बाबांकडे वळू.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीवर ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौष महिन्यात दर रविवारी तिथं जत्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा, उतार निसरडा, म्हातारी-कोतारी घसरून पडायची. बाबा आधी हाताने वाट करायचे, लोकांना धरून उतरवायचे. पुढं लोकांकडून मदत गोळा करून तिथं घाट बांधला. आणि घाटाबरोबरच सुरू झालं अन्नदान. जत्रेत आंधळे, लुळे-पांगळे, महारोगी जमायचे. त्यांच्यापुढं कुणी फेकून जायचं. बाबांनी त्यांना पंगतीत बसवलं. पंगत म्हणजे पंगत, पत्रावळ मांडून. आधी ती माणसं जेवणार, मग बाकीचे. ज्याच्या जखमेला माशा बसतात म्हणून लोक नाक धरून जात, त्याच्यापुढं बाबा स्वतः वाढायचे. जेवणं झाली की खराटा घेऊन पत्रावळी उचलायलाही तेच पुढं.

हे सगळं कुठल्या संस्थानिकाच्या खजिन्यातून होत नव्हतं. शेतकरी ज्वारी द्यायचा, कुणी डाळ, कुणी गूळ, ज्याच्याकडे काही नाही तो लाकडं फोडायचा, बाया भाकरी भाजायच्या. गावानेच शिजवायचं, गावानेच वाढायचं. बाबा स्वतः पैशाला शिवत नव्हते. हिशोब दुसऱ्यांनी ठेवायचा. लोक पाया पडायला आले की काठी उगारायचे. पण कामाला येतो म्हटलं की खूष.

आता धर्मशाळांचं. पंढरपूरला आषाढी-कार्तिकीला लाखो लोक जायचे. सधन माणसं बडव्यांकडे, वाड्यांतून उतरायची, गरीब वाळवंटात. आणि अस्पृश्य? त्यांना देवळात तर सोडाच (पंढरपूरचं देऊळ १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं), उतरायला छप्परसुद्धा नव्हतं. पावसात भिजत चूल पेटवायची कशी? पीठ जवळ असून उपाशी राहायची पाळी. भूक म्हंजे नुसती दाण्याची कमतरता नव्हे हो. दाणा आहे पण शिजवायला आडोसा नाही, भांडं नाही, पाणी भरू देत नाहीत, हीसुद्धा भूकच. हे बाबांना कळलं होतं. त्यांनी पंढरपुरात अस्पृश्यांसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, नंतर आणखी जातींसाठीही. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा झाल्या. वाटसरूला राहायला जागा मिळायची, शिजवायची सोय व्हायची. जोडीला सदावर्त असायचं, म्हणजे गरजवंताला रोजच्या रोज शिधा किंवा जेवण, एका दिवसाचा भंडारा नव्हे. बाबा स्वतः पंढरपूरला जाऊन विठोबाच्या दर्शनाला जात नसत, चंद्रभागेचं वाळवंट झाडत बसायचे, हे सगळ्यांना माहीत आहे.

जातवार धर्मशाळा का बांधल्या असं आजचा तरुण विचारेल. माझं मत असं की त्या काळात एकच बांधली असती तर तिच्यातही आपल्याला ओसरीवरच ठेवलं असतं. तरी हा प्रश्न मी मोकळा सोडतो. बाबांच्या कीर्तनात मात्र जातीवर कोरडे ओढलेले असायचे आणि त्यांच्या पंगतीत जात विचारलेली त्यांना खपत नव्हती.

आता कुंताबाईंचं सांगतो. एवढ्या इमारती उठल्या, हजारो लोक जेवून गेले. बाबांची बायको कुठं होती? ऋणमोचनला झोपडीत. कष्ट करून पोट भरत होती. लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या ठिकाणी आपल्या घरच्या माणसाने फुकट खायचं नाही, तिथं आपल्या नातेवाइकांचा कसलाही हक्क राहायचा नाही, अशी बाबांनी सक्त व्यवस्था करून ठेवली. मुलगा गोविंदा १९२३ साली पिसाळलेलं कुत्रं चावून गेला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते, कीर्तन थांबलं नाही. लोक याचं फार कौतुक करतात. मला कुंताबाई आठवतात. त्यांनी या कामासाठी जे दिलं त्याची पावती कुठल्याच वहीत नाही. पण त्याचबरोबर हेही खरं, की समाजाच्या पैशावर बसलेली घराणी आपण आजूबाजूला पाहतो, आपल्या चळवळीतसुद्धा पाहतो, तेव्हा ती झोपडी डोळ्यांपुढं येते.

बाबासाहेबांचं आणि गाडगेबाबांचं नातं आपुलकीचं होतं. बाबा वयाने पंधरा वर्षांनी मोठे. एक परदेशी शिकून बॅरिस्टर झालेला, एकाला शाळा माहीत नाही. पण मुलाला शिकवा हे दोघांचंही एकच सांगणं. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली या सोसायटीच्या हवाली केली. वारकऱ्याच्या चुलीची जागा विद्यार्थ्यांची झाली. बैठकीत शंका काढणाऱ्या माझ्या भावाला मी एवढंच दाखवतो. बाबासाहेबांनी ज्याच्या हातून जागा घेतली, त्याचं नाव आपल्या स्मरणिकेत यायला अडचण कसली?

मुंबईत बाबांची कीर्तनं व्हायची. खेड्यातून माणसं आजारी माणूस घेऊन जे. जे. हॉस्पिटलात यायची. रोगी आत खाटेवर, बरोबरची माणसं बाहेर फुटपाथवर, खायचे हाल. बाबांनी हॉस्पिटलजवळ धर्मशाळा उभारायला लावली, गोरगरिबांच्या नातेवाइकांना टेकायला. १९५२ साली त्यांच्या कामांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. बाबांच्या पश्चात, १९८४ साली, मिशनने दादरला धर्मशाळा बांधली. टाटा हॉस्पिटलात कॅन्सरच्या इलाजासाठी येणारी बाहेरगावची माणसं तिथं उतरतात. त्यांच्या नावाने जी दहा कामांची यादी सांगितली जाते, तिच्यात पहिलं काम भुकेल्याला अन्न हे आहे आणि देवळाचं नाव तिच्यात नाही. बेकाराला काम देणं मात्र आहे.

हे काम देण्याचं टाळेबंदीत माझ्या कामी आलं. २०२० च्या एप्रिलात आपण विहाराच्या मागं खिचडी शिजवायला लागलो. शेजारच्या चाळीत एक एकटी म्हातारी राहायची, घरकाम करून खाणारी, सगळी घरं बंद झालेली. पोरं पाकीट घेऊन गेली की दार लावून घ्यायची, जेवले म्हणायची. चेहऱ्यावरून दिसत होतं जेवली नाही ते. तिसऱ्या दिवशी मी गेलो आणि म्हटलं की आजी, आमच्या पोरांना कांदा चिरता येत नाही, खिचडी बेचव होते, तुम्ही येऊन बघा. आली. आल्या आल्या पोरांना फैलावर घेतलं, तांदूळ धुवायची पद्धत चुकीची म्हणून. त्या दिवसापासून चूल तिच्याच ताब्यात. दुपारी सगळ्यांचं वाढून झालं की आपलं ताट घेऊन पायरीवर बसायची. पुढं तिच्या बघून चाळीतले आणखी चौघेजण आले, एक रिक्षावाला पाणी भरायला, दोन बदली कामगार पिशव्या पोचवायला. अन्न घेणारा कोण आणि देणारा कोण ते शेवटी शेवटी आम्हाला वहीत लिहितानासुद्धा कळेना.

रेशन हा हक्क आहे, तो मागूनच घेतला पाहिजे. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला आहे. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांचे अर्ज भरून द्यायला मी रविवारी सकाळी विहारात बसतो, हे या निमित्ताने सांगून ठेवतो. बाबांच्या काळात असा कायदा नव्हता, त्यांच्या हातात खराटा आणि लोकांची ज्वारी एवढंच होतं.

शेवटची वर्षं बाबा आजारी असायचे, तरी फिरणं सुटलं नाही. ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याला त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. जमल्यास जरूर ऐका. आवाज थकलेला आहे, पण मधेच समोरच्यांना प्रश्न विचारून हो-नाही म्हणायला लावायची पद्धत तीच. त्यानंतर महिन्याच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ती बातमी गाडगेबाबांच्या जिव्हारी लागली असं सांगतात. पुढं चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचा प्राण गेला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. मागं धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं, सदावर्तं राहिली, त्यांपैकी एकही त्यांच्या किंवा घरच्या माणसांच्या नावावर नव्हती.